घरच्यासाठी वेगळा वाफा

पत्र थोडक्यात: पुण्याच्या वेशीवर, एका कचरा डेपोपासून अर्ध्या किलोमीटरवर या ताईंच्या सासरची सव्वा एकर जमीन आहे. पालक, मेथी, कोथिंबीर, आंबट चुका निघतो. पहाटे नवरा टेम्पोतून माल हडपसरला नेतो. मागच्या वर्षी कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने शेतातल्या मातीचा नमुना एका खासगी प्रयोगशाळेत दिला. रिपोर्टात क्रोमियम आणि निकेल यांच्यासमोर लाल खूण आली. दोन्हींच्या मर्यादेच्या रकान्यात 50 लिहिलं होतं. शिसं मर्यादेत निघालं, कॅडमियम दोनाच्या थोडं वर, पण मर्यादा 5 असल्याने तेही 'ठीक'. तेव्हापासून ताई आपल्या दोन लहान मुलांना शेतातली पालेभाजी देत नाहीत. परसात वेगळा वाफा केला आणि त्यात डेपोवर कचरा चाळून निघालेली काळी, भुसभुशीत माती टाकली. एक ट्रॉली फुकट मिळाली होती. घरची भाजी त्या वाफ्यातली, बाजाराची शेतातली. "जुड्या बांधताना हात थबकतो," असं त्या लिहितात. नवरा म्हणतो, वीस वर्षं हेच खातोय, कुणाला काय झालं? सासरे डेपोविरुद्धच्या आंदोलनात पुढे होते, पण रिपोर्ट बाहेर काढायला त्यांचाही विरोध आहे: माल कुणी घेणार नाही आणि जमिनीचा भाव पडेल. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत तर माती चांगली दिसते. ताई विचारतात, भाजी विकणं बंद करू का? लोकांना सांगू का? आणि माती पुन्हा चांगली होईल का?

ताई,

मी हडपसरच्याच बाजारातून पालेभाजी घेते. तुम्ही बांधलेली एखादी जुडी माझ्याही पिशवीत आली असेल. त्यामुळे हे उत्तर जशी मातीचा विषय शिकवलेली बाई लिहिते आहे, तशी एक गिऱ्हाईकही लिहिते आहे. तुमच्यावर राग नाही. हात थबकतो हे तुम्ही लपवलं नाहीत, कागदावर उतरवलंत, म्हणून तर या विषयावर बोलता येतंय.

आधी तातडीचं. परसातल्या वाफ्यातली भाजी आजपासून मुलांना देऊ नका. तुम्हीही खाऊ नका.

हे वाचून तुम्हाला धक्का बसेल, कारण सगळ्या घरात तोच एक वाफा तुम्ही सुरक्षित धरला आहे. पण ती माती आली कुठून, ते बघा. डेपोवरचा वर्षानुवर्षांचा ढीग खणून मोठ्या फिरत्या चाळणीतून काढतात, त्याला बायोमायनिंग म्हणतात. प्लास्टिक, चिंध्या, दगड वेगळे होतात आणि खाली बारीक काळा भुगा पडतो. दिसायला तो उत्तम शेणखतासारखा, हातात घेतला तर भुसभुशीत. पण ज्या काळात तो ढीग साचला, त्या काळात पुण्यात घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा होत नव्हता. सेल, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, जुन्या रेडिओची सर्किटं, सगळं भाजीच्या देठांबरोबर एकाच ढिगात कुजलं. देठं कुजून गेली. शिसं आणि कॅडमियम कुजत नाही, जळलं तरी राखेत उरतं. आणि ते नेमकं बारीक कणांना चिकटून राहतं, म्हणजे चाळणीखालच्या भुग्यातच त्याचं प्रमाण वाढतं. असा भुगा रस्त्याच्या भरावाला किंवा खड्डा बुजवायला वापरावा की नाही, यावरही तपासणीनंतरच निर्णय घ्यायचा असतो. भाजीच्या वाफ्यात तो नकोच.

तुमच्या शेतातली माती बिघडली असेल किंवा नसेल. पण शेतातली निदान मूळची काळी माती आहे. वाफ्यातली माती म्हणजे डेपोच. मातीचा पहिला नमुना त्या वाफ्याचा द्या.

आता रिपोर्टाकडे येऊ. पुतण्याचं कौतुक करा, त्याने गावात कुणी केलं नाही ते केलं. पण त्या कागदावरच्या लाल खुणेने तुम्हाला जितकं घाबरवलंय तितकं घाबरायचं कारण नाही, आणि 'ठीक' लिहिलेल्या ओळीने जितका धीर दिलाय तितका धीरही धरू नका.

निकेल 50, क्रोमियम 50, कॅडमियम 5, शिसं 100. किलोमागे इतके मिलिग्रॅम या मर्यादा मी पाहताक्षणी ओळखल्या. त्या शेतजमिनीच्या नाहीत. खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्यापासून केलेल्या कंपोस्टला हे आकडे लागू आहेत. प्रयोगशाळेने तुमची माती खताच्या फूटपट्टीने मोजली. आता आपल्याकडची काळी माती बनते बेसाल्टपासून, म्हणजे सह्याद्रीच्या त्याच काळ्या फत्तरापासून, आणि बेसाल्टात क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच भरपूर असतं. पुरंदरच्या डोंगरात, जिथे कधी कचऱ्याची गाडी गेली नाही, तिथली माती या मोजमापात लाल ठरू शकते. खडकातून आलेला हा धातू खनिजाच्या आत अडकून असतो, पिकाला त्यातला फार थोडा मिळतो.

कॅडमियमचं मात्र उलट आहे. स्वच्छ जमिनीत ते साधारणपणे एका मिलिग्रॅमच्याही खाली असतं. युरोपात सांडपाण्याचा गाळ टाकलेल्या शेतजमिनीला 1986 पासून जी मर्यादा आहे, ती 1 ते 3 ची आहे. तुमचं दोनाच्या वर आहे. खताच्या मर्यादेत बसलं म्हणून त्याच्यासमोर काही खूण आली नाही, पण अख्ख्या रिपोर्टात मी बोट ठेवेन ते याच ओळीवर. कॅडमियम हा पिकात सहज शिरणारा धातू आहे, आणि पानांत जमा होणारा.

मृदा आरोग्य पत्रिकेविषयी एवढंच सांगते की ती खोटं बोलत नाही, पण तिला हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. त्यात 12 गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू (pH), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पीक किती येईल ते त्यातून कळतं. शिसं आणि कॅडमियम त्या यादीत नाहीत.

मग नीट कळायचं कसं? एका नमुन्यावरून कळत नाही, तो नमुना कुठल्या कोपऱ्यातला होता हेही तुम्ही लिहिलेलं नाही. कदाचित तुम्हालाही माहीत नसेल. शेताचे तीन भाग करा: डेपोकडचा, मधला, लांबचा. प्रत्येक भागात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणची वरची वीतभर माती घ्या, एकत्र करा, घमेल्यात चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलोवर आणा. घमेलं प्लास्टिकचं घ्या आणि खणायला लाकडी किंवा स्टीलचं काहीतरी. गंजकं खुरपं किंवा जस्ताचा मुलामा दिलेली पाटी नको, धातू त्यातूनच नमुन्यात जातो. बांधाजवळचं, उकिरड्याखालचं, डांबरी रस्त्याकडेचं काही घेऊ नका. रस्त्याकडेला जुन्या पेट्रोलचं शिसं अजून असू शकतं. शिसं घातलेलं पेट्रोल आपल्या देशात 2000 साली बंद झालं, जमिनीत पडलेलं कुठे गेलं नाही. सावलीत वाळवा.

आणखी दोन नमुने फार मोलाचे आहेत. एक, त्याच मधल्या भागात दोन फूट खोलीवरचा. धातू वरून आला असेल, म्हणजे डेपोची धूळ, जळत्या कचऱ्याची राख, पावसात वाहून आलेलं काळं पाणी, तर तो वरच्या वीतभरात जास्त आणि खाली कमी दिसेल. वर-खाली सारखाच असेल तर तो खडकाचा. दोन, तुमच्यासारख्याच काळ्या मातीचा पण डेपोपासून सात-आठ किलोमीटर दूरचा. माहेर त्या अंतरावर असेल तर तिथलाच आणा. तुमची माती कागदावरच्या मर्यादेशी ताडून फारसं कळणार नाही, तिच्या लांबच्या बहिणीशी ताडून कळेल.

पण मला विचाराल तर या सगळ्याच्या आधी भाजी तपासा. लोक माती खात नाहीत, पालक खातात. उभं पीक कापायच्या आधी दोन-तीन जुड्या उपटा, घरी धुता तशाच धुवा आणि शिसं-कॅडमियमसाठी अन्न तपासणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. तिथे एक गोष्ट ठासून विचारायची: आकडा ओल्या वजनावरचा आहे की वाळवलेल्या? पालकात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे एकाच भाजीचा आकडा वाळल्या वजनावर जवळजवळ दहापट दिसतो. याच गोंधळात काही जण उगाच घाबरतात आणि काही जण उगाच निश्चिंत होतात. अन्नासाठीच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात पालेभाजीला कॅडमियमची मर्यादा किलोमागे 0.2 मिलिग्रॅम आणि शिशाची 0.3 आहे, दोन्ही ओल्या वजनावर.

तर विकायचं का? रिपोर्ट हातात येईपर्यंत पालक आणि चुका विकू नका. मुलांच्या ताटातून जे काढलं, ते दुसऱ्याच्या मुलांच्या ताटात तुमच्या हातून जाऊ नये, हे तुमच्या हातांनी तुम्हाला सांगितलेलंच आहे. खर्च किती, तर एक-दोन तोडण्या. ते थोडकं नुकसान आहे असं मी म्हणणार नाही. टेम्पोचा हप्ता आणि शाळेची फी त्याच पैशातून जाते, हे मला कळतं. म्हणूनच पहिल्यांदा भाजी तपासा म्हणाले, मातीचे पाच नमुने नंतर. उत्तर लवकर येईल. कायद्याचं म्हणाल, तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यातून शेतकऱ्याने पिकवलेलं पीक वगळलेलं आहे, तुमच्या दारात कुणी अधिकारी येणार नाही. तुमच्या घरी हा मुद्दा कुणी काढला तर तो खरा आहे, पण तुमचा प्रश्न त्याने सुटत नाही.

भाजी मर्यादेच्या बरीच खाली निघाली, तर विका, आणि रिपोर्ट टेम्पोत ठेवा. जवळपास किंवा वर निघाली, तर पालेभाजी थांबवायची, शेती नाही. इथे तुम्ही, आणि खरं तर घरातले सगळेच, एक गोष्ट गृहीत धरताय की जमीन म्हणजे पालेभाजी आणि पालेभाजी नसेल तर काहीच नाही. पीक बदललं की धोका खूप बदलतो. पान आणि मूळ धातू जास्त साठवतात, फळात आणि शेंगेत तो कमी पोचतो. दोडका, कारलं, काकडी, घेवडा यांत साधारणपणे पालकापेक्षा कितीतरी कमी येतं. वांग्याला मात्र मी जरा लांबच ठेवेन, ते कॅडमियम ओढणाऱ्यांपैकी आहे. मुळा, बीट, गाजरही नको. फळभाजीचाही एक नमुना पहिल्या तोडणीला द्याच.

आणि फुलं आहेत की! मार्केट यार्डाचा फुलबाजार तुम्हाला लांब नाही. झेंडू, शेवंती, गुलछडी, अॅस्टर. तुमच्या बाजूच्या हवेली-पुरंदर-दौंड पट्ट्यात हे नवं नाही, शेजारच्या कुणीतरी केलेलंच असेल. फुलं कुणी खात नाही. सगळं रान एकदम बदलू नका. डेपोकडचा पाव एकर आधी, दसरा-दिवाळीचा झेंडू धरून बघा, मग पुढचं. पैशाचं गणित मी इथून मांडणार नाही, ते तुम्ही त्या शेजाऱ्याकडून समजून घ्या, मागच्या दोन हंगामांच्या विक्रीच्या पट्ट्या (पावत्या) बघून.

माती पुन्हा चांगली होईल का, या प्रश्नावर लोक तुम्हाला बरंच काही विकायला येतील. मोहरी, सूर्यफूल, वाळा लावा, झाडं विष शोषून घेतील. शोषतात हे खरं आहे, पण हंगामाला चिमूटभर. जमीन साफ व्हायला वर्षानुवर्षं जातात, आणि ते वाढलेलं पीक ना जनावराला घालायचं, ना खतात टाकायचं, ना जाळायचं. मग ठेवणार कुठे? माझा सल्ला असा की धातू बाहेर काढायच्या मागे लागू नका, तो जागच्या जागी बांधून ठेवा. तुमची काळी, चुनखडीची माती हे काम आधीपासून करते आहे. सामू आठच्या आसपास असला की कॅडमियम मुळांना कमी मिळतं, आंबट जमिनीत ते मोकळं होतं. म्हणून सामू उतरवायला कुणी गंधक सुचवलं, तर या शेतात नाही म्हणा. खात्रीचं, आपल्या गोठ्यातलं शेणखत भरपूर घाला. पत्रिकेत जस्त कमी दाखवलं असेल तर शिफारशीइतकं झिंक सल्फेट द्या. जस्त कमी पडलं की पीक त्याच्या जागी कॅडमियम उचलतं, दोघं एकाच दाराने आत येतात. डेपोच्या बाजूला पावसाआधी चर खणा म्हणजे काळं पाणी रानात शिरणार नाही.

विहिरीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण पाणीही तपासा. डेपोजवळच्या विहिरीत आधी क्षार, क्लोराइड, नायट्रेट उतरतात, धातू बहुतेक मातीतच अडकतात. म्हणजे पाणी वाईट असलं तरी माती ठीक असू शकते आणि पाण्यात धातू नाहीत म्हणून माती सुटली असंही नाही. प्यायच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर असलं तर ते तान्ह्या बाळाला अजिबात देऊ नका, आणि उकळून ते जात नाही.

मुलांबद्दल. शिशाचा विचार करताना आपण भाजीवर अडकतो. लहान मुलांच्या पोटात शिसं जातं ते जास्त करून हातावरच्या मातीतून आणि घरातल्या धुळीतून. शेतातली पायताणं उंबऱ्याबाहेर, जेवणाआधी साबणाने हात, फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं, एवढ्याने बराच फरक पडतो. पोटात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असलं तर शिसं आणि कॅडमियम दोन्ही कमी शोषली जातात. नाचणी, दूध, डाळी, अंडं, जे तुमच्या घरी चालतं ते. आणि ती परसातली माती मुलं खेळायला वापरत असतील, तर त्यांच्या डॉक्टरांना एकदा रक्तातल्या शिशाची तपासणी विचारा. जागतिक आरोग्य संघटना डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅमपासून पुढे शिशाचा स्रोत शोधायला सांगते. काही निघेलच असं नाही, पण आकडा हातात असावा.

"वीस वर्षं खातोय, काय झालं?" हे तुमचे यजमान म्हणतात ते उर्मटपणे नाही, भीतीने म्हणतात असं मला पत्रातून वाटलं. त्यांना उत्तर द्यायचं तर असं द्या: कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि त्यातलं निम्मं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात. ते तापासारखं दिसत नाही. मुलाला शिशाने होणारा त्रासही खाटेवर पाडत नाही, अभ्यासात आणि लक्षात दिसतो, आणि तो मातीमुळे होता हे कुणाला कळत नाही. हे भांडताना सांगू नका. भाजीचा रिपोर्ट आणायला त्यांनाच पाठवा.

सासऱ्यांशी मात्र वेगळं बोलावं लागेल. ते आंदोलनात उभे राहिलेले गृहस्थ आहेत. जमिनीचा भाव पडेल म्हणतात, पण डेपो अर्ध्या किलोमीटरवर आहे हे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नाकाने कळतं. भाव जो पडायचा तो त्या वासाने पडलेला आहे. तुमचा एकट्याचा कागद बाहेर गेला तर ती भीती खरी ठरेल, हे मी मान्य करते. म्हणून एकट्याने नेऊच नका. डेपोभोवतीच्या पंधरा-वीस शेतकऱ्यांनी एकाच पद्धतीने, एकाच आठवड्यात नमुने घेतले, तर ते कुणा एकाचं रान राहत नाही, सगळ्या शिवाराचा हिशेब होतो. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत (एप्रिल 2026 पासून त्यांच्या जागी नवे नियम आले) कचऱ्याच्या भरावाच्या हद्दीपासून 50 मीटरपर्यंतचं भूजल वेगवेगळ्या ऋतूंत तपासत राहावं असं होतं. ते अहवाल माहितीच्या अधिकारात मागा, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करा, त्यात मातीच्या तपासणीचीही मागणी घाला. ही माणसं गोळा करणं तुमच्या सासऱ्यांइतकं गावात कुणाला जमणार आहे? त्यांना गप्प बसा म्हणू नका आणि बोला म्हणूनही आग्रह धरू नका, ही कामांची यादी त्यांच्यापुढे ठेवा.

इतर वाचकांपैकी ज्यांच्या सोसायटीत, गच्चीवर बाग आहे, त्यांनाही दोन शब्द. स्वस्त 'काळी माती' किंवा कुणाच्या ओळखीचं 'कचऱ्याचं खत' घेताना ते कुठून आलं हे विचारा. त्यात काचेचे बारीक तुकडे, प्लास्टिकचे धागे दिसले तर ती चाळलेल्या ढिगाची माती आहे असं समजा. आपली जुनी पुण्याची पिढी कोथरूडच्या कचरा डेपोवरून नाक दाबून गेलेली आहे. त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे आणि नव्या रहिवाशांना ढीग माहीतही नाही. भाजी धुण्याबद्दल सगळे विचारतात: पानावर बसलेली धूळ आणि तिच्यातलं शिसं वाहत्या पाण्याने बरंच जातं, पानाच्या आत गेलेलं कॅडमियम जात नाही.

ताई, परसातल्या त्या ट्रॉलीभर मातीचं काय करायचं हे राहिलं. शेतात पसरू नका, ओढ्यात टाकू नका. तिचा नमुना काढून घ्या आणि जिथे काही पिकवायचं नाही, विहिरीपासून लांब, पाणी साचत नाही अशा जागी एकत्र करा, वरून वीतभर मुरूम टाकून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा, म्हणजे धूळ उडणार नाही. वाफ्यात खालची मूळ माती लागेपर्यंत खणा. हे काम करताना तोंडाला फडकं बांधा, मुलांना त्या दिवशी आजोळी पाठवा.

पालकाचा रिपोर्ट आला की ओल्या वजनाचे दोन्ही आकडे मला कळवा. तोवर मीही पालक घेणं थांबवते आहे, आणि तुमच्याकडून झेंडू घ्यायला मला आवडेल.